२८ मिलिमीटरची पागा

दादाने तेलरंगाची नळी दाबून बशीत वाटाण्याएवढा गडद तपकिरी गोळा काढला. त्यात टर्पेंटाइनचे चार थेंब घातले आणि काडीने ढवळलं. समोर बारा घोडे ओळीत उभे होते. एकेक घोडा आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवलेला आणि अंगभर नारिंगी-बदामी. स्वार अजून एकावरही नव्हता. रुंद कुंचल्याने त्याने तो पातळ रंग घोड्यांवर नाकापासून शेपटीपर्यंत फासला. बारावा घोडा होईपर्यंत सगळी रांग चिखलात लोळून आल्यासारखी दिसायला लागली होती. मला वाईट वाटलं, कारण आदल्या संध्याकाळी त्याच घोड्यांवर बदामी रंग चढवण्यात दोन तास गेले होते.

"दहा मिनिटं हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

परत आल्यावर त्याने चेहऱ्याच्या मेकअपचा त्रिकोणी स्पंज घेतला आणि पहिल्या घोड्याच्या पाठीवरून अलगद ओढला. उंचवट्यांवरचा रंग निघून गेला, खोबणींतला तसाच राहिला. आणि घोडा दिसायला लागला. खांद्याचा स्नायू दिसला, बरगड्यांची पुसट ओळ दिसली, मागच्या मांडीची घडी दिसली. अंगावर घाम आल्यासारखी चमक आली.

"घोडा रंगवायचा नसतो गं. पुसायचा असतो."

यंदाच्या अंकाचं सूत्र 'घोडा' आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला पहिल्यांदा दादाच आठवला. तो माझा आतेभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला लागून असलेल्या बीस्टनमध्ये तो गेली बावीस वर्षं राहतो. वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत त्याची पागा आहे, सुमारे तीनशे घोड्यांची. तळव्यापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर उंचीचा माणूस, त्या मापाचा घोडा, आणि अशा शेकडो बाहुल्यांनी टेबलावर खेळायची जुनी लढाई. दादा २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई मांडतो आहे. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली. मी त्याच्याकडे आठ दिवस राहिले ती हे काम बघायला.

सांगलीच्या वाड्यात दिवाळीला आम्ही दोघं किल्ला करायचो. चिखल मी कालवायची, बुरूज तो रचायचा. आठवडाभर आधी हळीव पेरायचे, म्हणजे वसुबारसेला डोंगर हिरवा. बाजारातून आणलेले मातीचे मावळे सगळे सारखे असायचे. तीच लाल पगडी, तोच हात वर. दादाला ते खटकायचं. तो माझ्या रंगपेटीतून रंग घेऊन प्रत्येकाची पगडी वेगळी करायचा आणि दुसऱ्या दिवशी दवाने ते रंग ओघळायचे. त्याची आजची खोली मला त्या अंगणापासून फार लांब वाटली नाही.

कुमाईत, सब्जा, अबलख

या छंदात स्वारापेक्षा घोडा अवघड समजतात. कापडाला कुठलाही रंग असू शकतो, घोड्याला नाही. नवशिका रंगारी सगळ्या घोड्यांना एकच तपकिरी देतो आणि मग पलटण लाकडी खेळण्यासारखी दिसते. खऱ्या घोड्याच्या रंगाला नियम असतात. तांबूस अंगाच्या घोड्याची आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे असतील तर तो कुमाईत. आयाळही अंगाच्याच रंगाची असेल तर जात वेगळी, आणि त्याचे पाय काळे करून चालत नाही. पांढरा दिसणारा घोडा, म्हणजे सब्जा, बहुधा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर उजळत जातो. म्हणून तरुण सब्जाच्या अंगावर राखाडी चट्टे दाखवायचे आणि म्हाताऱ्याचं अंग जवळजवळ दुधाळ करायचं. पण नाकपुडीभोवतीची कातडी दोघांचीही काळसरच, कारण केस पांढरे झाले तरी खालची कातडी काळी राहते. पायात पांढरा मोजा असेल तर त्याचा खूर फिका, काळ्या पायाचा खूर काळा.

डोळ्याला पांढरा रंग लावायचा नाही, हेही मी तिथेच शिकले. या मापात घोड्याच्या डोळ्यात पांढरं दिसलं की तो भेदरलेला वाटतो. गडद ठिपका आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढी चमक, बस्स. ती चमक द्यायला दादा 'विन्सर अँड न्यूटन'ची सिरीज ७ वापरतो. व्हिक्टोरिया राणीसाठी १८६६ साली ही कुंचल्यांची मालिका पहिल्यांदा बनली. तिचे केस मुंगसासारख्या दिसणाऱ्या सायबेरियन प्राण्याच्या शेपटीचे. रंग ओला ठेवायला त्याने पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ओला स्पंज घातला आहे आणि त्यावर बेकिंगचा कागद. झाकण लावलं की परवाचा रंगही ओला मिळतो.

त्याच्याकडे घोड्यांच्या रंगांची वही आहे, आणि ती मराठीत आहे. कुमाईत, मुश्की, समंद, सब्जा, अबलख. चारी पाय आणि कपाळ पांढरं तो पंचकल्याणी. त्यावर छाती, आयाळ आणि शेपूटही पांढरी असली की अष्टमंगल. मानेवरचा देवमण भोवरा या मापात दाखवता येत नाही, याची त्याला खंत आहे. इंग्रजीतही घोड्यांच्या रंगांचे शब्द भरपूर आहेत, पण त्यांत शुभाशुभ नाही. मराठी शिलेदार घोडा विकत घेताना भोवरे आणि पांढऱ्या खुणा पाहायचा. म्हणजे पंचकल्याणी घोडा साध्या स्वाराखाली सहसा नसणार, तो पथकाच्या म्होरक्याखाली असणार. दादाच्या तीनशे घोड्यांत पंचकल्याणी पाच आहेत आणि अष्टमंगल एकच.

साचा

नॉटिंगहॅम हे या छंदाचं माहेरघर. या धंद्यातल्या इतक्या कंपन्या इथे आणि आसपास आहेत की खेळणारे या पट्ट्याला 'लेड बेल्ट' म्हणतात, शिशाचा पट्टा. आता शिशाऐवजी कथलाचे मिश्रधातू जास्त वापरतात, नाव मात्र टिकलं.

धातूचा घोडा होतो कसा, ते सांगण्यासारखं आहे. शिल्पकार दोन रंगांची पुट्टी, एक निळी आणि एक पिवळी, मळून हिरवी करतो आणि ती कडक व्हायच्या आत तारेच्या सांगाड्यावर घोडा घडवतो. हा मूळ घोडा रबराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून दाब आणि उष्णता देतात. रबर पिकतं आणि त्यात घोड्याची पोकळी उरते. मग चकती गरगर फिरवत मधल्या भोकातून वितळलेला धातू ओततात. फिरण्याच्या जोराने तो कडेच्या पोकळ्यांत, लगामाच्या बारीक पट्ट्यापर्यंत पोचतो. दोन चकत्या जुळतात तिथे अंगावर एक बारीक रेघ राहते. ती सुरीने खरवडली नाही तर रंग दिल्यावर घोड्याच्या पाठीवर शिवण दिसते. दादाच्या मते निम्मं रंगकाम या खरवडण्यात आहे, आणि कंटाळाही तिथेच येतो. आता कडक प्लास्टिकचे संच मिळतात, संगणकावर घडवून छापलेले रेझिनचे घोडेही मिळतात. तरी दादाचा हात धातूकडे जातो. वजन असलं की घोडा टेबलावर उभा राहिल्यासारखा राहतो, असं तो म्हणतो.

या पट्ट्यातले दोन शिल्पकार, ॲलन आणि मायकेल पेरी, जुळे भाऊ. १९९६ साली जुन्या लढाईचं प्रात्यक्षिक चालू असताना तोफ अवेळी उडाली आणि मायकेलचा उजवा हात गेला. त्याने डाव्या हाताने पुन्हा शिकायला घेतलं आणि पुढेही शिल्पं घडवत राहिला. दादाच्या कपाटातले कित्येक युरोपीय घोडेस्वार या भावांचे आहेत. ते हातात घेताना माझी बोटं आपोआप सावकाश झाली.

मराठी फौजेसाठी मात्र अडचण येते. बाजारातले बहुतेक घोडे युरोपीय जड घोडदळाच्या मापाचे, रुंद छातीचे, उंच. भीमेच्या खोऱ्यातलं तट्टू तसं नव्हतं. ते ठेंगणं, सडसडीत, कडबा आणि मिळेल ते खाऊन दिवसचे दिवस चालणारं. म्हणून दादा लहान मापाच्या जुन्या मालिकांमधले घोडे शोधतो आणि त्यांच्यावर दुसरीकडचे स्वार बसवतो. युरोपीय खोगीर कापून काढतो आणि पुट्टीने जाड, भरलेलं कापडी खोगीर करतो. मागे तोबरा, बाजूला कडब्याची पेंढी. एका घोड्याला यात एक संध्याकाळ जाते.

कापडाचे पैसे कोणाचे

दादाचा खेळातला प्रतिस्पर्धी एक निवृत्त शाळामास्तर आहे, इतिहास शिकवणारा. असईला वेलस्लीकडे असलेली एकोणिसावी लाइट ड्रॅगून ही घोड्यांची पलटण त्याची. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचं काम पंगत वाढल्यासारखं चाललं होतं. आधी मीठ, मग चटणी, मग कोशिंबीर, तसं बाराही स्वारांना आधी फिकट निळसर राखाडी जाकीट, मग बाराही जणांना पिवळी कॉलर आणि पिवळ्या बाह्यांच्या पट्ट्या, मग पांढरे पट्टे. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश हलक्या घोडदळाला हाच फिका रंग असे. चार संध्याकाळींत पलटण तयार. कापड एकाच ठिकाणाहून आलेलं, एकाच कापातलं, म्हणून हे जमतं.

दादाच्या टेबलावर ही पंगत चालत नाही. त्याच्या स्वारांना गणवेश नाही. का नाही, हे रंगवायला बसल्याशिवाय मला कधी नीट उमगलं नव्हतं. शाळेत 'बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा, शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावरचा' असं एका मार्काचं उत्तर पाठ केलं होतं. दादा त्या व्याख्येतून रंग काढतो. शिलेदाराने घोडा घरून आणला, हत्यार घरून आणलं, मुंडासं बायकोने किंवा आईने रंगवून घेतलेलं. मग दोघांची मुंडाशी सारखी कशी असतील? त्या काळी गावात रंग कोणते मिळायचे ते पाहायचं. निळीचा निळा, आलाच्या मुळांचा तांबडा, हळदीचा पिवळा, करडईच्या फुलांचा गुलाबी-केशरी, बाकी धुवून धुवून मळकट झालेलं पांढरं. एवढेच रंग, पण प्रत्येक किती विटला आहे ते वेगळं. हळद उन्हात उडते, म्हणून जुनं पिवळं फिकं. निळीचा रंग घासला जातो तिथे पांढुरका होतो, म्हणून अंगरख्याचे कोपर उजळ.

माणसाचा हात नकळत समतोल साधतो. लाल मुंडाशाशेजारी आपण पुन्हा लाल ठेवत नाही, आणि त्याच नियमितपणामुळे जमाव खोटा दिसतो. म्हणून दादा फासे टाकतो. एक पडला तर मळकट पांढरं, सहा पडला तर तांबडं. सलग तीन तांबडी आली तर तीन तांबडी. संदर्भासाठी त्याच्याकडे टॉमस ब्रॉटनचं १८०९ मधल्या शिंद्यांच्या छावणीतल्या पत्रांचं पुस्तक आहे. त्यातली रंगीत चित्रं एका देशी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. तो चित्रकार मला राहून राहून आठवतो, कारण दादाचा अर्धा रंगपट त्या माणसाच्या डोळ्यांवर उभा आहे.

शिलेदाराचा घोडा मेला की त्याची चाकरी संपली, घरची जिंदगी संपली. सरकारी पागेतल्या बारगिराचं तसं नव्हतं. असईला शिंदे-भोसल्यांचं प्रचंड घोडदळ बव्हंशी बाजूला उभं राहिलं. चौऱ्याहत्तरावी स्कॉटिश पलटण गावाजवळच्या तोफांनी भाजून निघाली आणि मोडली, तेव्हा त्या घोडदळातल्या काही तुकड्या तिच्यावर तुटून पडल्या. मग एकोणिसावी ड्रॅगून मॅक्सवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली येऊन त्यांच्यावर चालून गेली. इंग्रजी पुस्तकांत या बाजूला उभं राहण्याला सरळ भित्रेपणा म्हटलेलं सापडतं. रंगवलेला एकेक घोडा हातात घेतल्यावर मला ते पटत नाही. ज्याच्या बुडाखाली त्याचं शेत, त्याचं घर आणि त्याची पुढची पाच वर्षं आहेत, तो तोफेच्या तोंडावर का जाईल? त्याचं काम वेगळं होतं.

काळी माती

गेल्या सप्टेंबरात दादाचा फोन आला होता. "असईला जाऊन ये. मातीचे फोटो पाठव. उन्हात काढ आणि सावलीतही काढ."

जालना जिल्ह्यातलं हे गाव केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आहे. मी गेले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. चपलेला चिकटणारी काळी माती, बांधावर गुडघाभर गवत, नदीचे काठ उंच आणि खचलेले. अशा काठांवरून तोफा उतरवायच्या तर उतार शोधावाच लागणार. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं की इथे उतार नाही. त्याला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इतक्या जवळ वसलेल्या गावांना येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तो खरा निघाला. मला त्या काठावर उभं राहून ते दिसलं.

इंग्लंडमध्ये हिंदुस्थानच्या लढाया बहुतेक पिवळ्या रेतीवर मांडतात, जणू सगळा देश वाळवंट. दादाचं या एका बाबतीत कुणाशी जमत नाही. त्याच्या घोड्यांच्या पायाखालच्या चौकोनी पट्ट्या, सुमारे ५० मिलिमीटरच्या, माझ्या फोटोंवरून रंगवल्या आहेत. पांढऱ्या गोंदात बारीक वाळू, त्यावर जवळजवळ काळा रंग, कडांना किंचित करडा. त्यावर नायलॉनच्या धाग्यांचं गवत, जे एका यंत्रातून विजेच्या भारामुळे उभंच्या उभं चिकटतं. मी पाठवलेल्या फोटोंत सोयाबीन होतं, ते त्याने वगळलं, कारण १८०३ साली तिथे ते नव्हतं. ज्वारी-बाजरी ठेवली. घोड्यांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत चिखलाचे शिंतोडे मारले. आमच्या किल्ल्यावर हळीव होते, इथे नायलॉन.

एका दिवसासाठी आम्ही लीड्सला गेलो. तिथल्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेला वॉटर्लूचा एक देखावा आहे. त्यात ब्रिटिश जड घोडदळ फ्रेंच पायदळावर तुटून पडतानाचा क्षण पकडला आहे. त्याचा मोठा देखावा लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तो १८३८ मध्ये लोकांना दाखवला गेला आणि त्यात सत्तर हजारांवर इवलेसे सैनिक आहेत. त्या कामासाठी सायबोर्न रणभूमीवर आठ महिने राहिला आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारत राहिला, तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर शत्रू कोण होता, शेतात पीक कोणतं होतं. पीक कोणतं होतं हा प्रश्न वाचून दादा काचेसमोर बराच वेळ थांबला. मला माझा सप्टेंबरातला काळा चिखल आठवला.

टेबलावर

शनिवारी सकाळी मास्तर आपल्या पेट्या घेऊन आला. पेट्यांच्या तळाला चुंबकाचा पत्रा असतो आणि घोड्यांच्या पट्ट्यांखाली लोखंडी चकती, म्हणजे गाडीत कुणी पडत नाही. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर दोन नद्या, एक मातीचं गाव. बारा स्वारांची एक तुकडी खऱ्या दोन-अडीचशे स्वारांची जागा घेते. इंचपट्टीने अंतर मोजून तुकड्या सरकवायच्या, फाशांनी गोळीबार ठरवायचा आणि तुकडीची हिंमत टिकली की मोडली तेही फाशांनीच. प्रशियाच्या फॉन राइसविट्झने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी छापलेले नियम आणि एच. जी. वेल्सचं १९१३ चं 'लिटल वॉर्स' ही या खेळाची दोन जुनी मुळं. शिकवणं आणि खेळणं ही दोन्ही अंगं अजून त्यात आहेत.

मराठी हलक्या घोडदळाला नियमांत कमी गुण आहेत. रांगा बांधून उभ्या असलेल्या पायदळावर ते समोरून चालून गेले तर बहुधा मोडतात. दादाने ते मान्य केलं आणि तुकड्या दूर ठेवल्या. पण दुपारी त्याने मला टेबलाच्या कडेकडे बोट करून दाखवलं. "यांचं खरं काम या कडेच्या पलीकडे आहे. दाणागोटा तोडायचा, बैलांचे तांडे पळवायचे, शत्रूला उपाशी ठेवून थकवायचं. पुढच्याच वर्षी, १८०४ मध्ये, यशवंतराव होळकरांनी इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनची आग्र्यापर्यंत तशीच दशा केली. सहा फुटांच्या टेबलावर भूक मांडता येत नाही गं."

माझ्या मते या खेळाची ही खरी मर्यादा आहे, आणि पुस्तकांतही ती तशीच उतरली आहे. लढाई एका दिवसाची आणि एका मैदानाची असते, असं आपण धरून चालतो. ज्या सैन्याची ताकद महिन्यांत आणि कोसांत मोजायची, त्याला त्या मैदानात नेहमी कमी गुण पडणार.

खेळ संध्याकाळी पाचला संपला. मास्तरचा वेलस्ली जिंकला, पण त्याच्या चौऱ्याहत्तराव्या पलटणीतले दोन-तृतीयांश सैनिक टेबलाबाहेर गेले होते. आवराआवर करताना मला गावामागे, झाडाखाली, कुठल्याच तुकडीत नसलेल्या दोन बाहुल्या दिसल्या. एकाच्या खांद्यावर कातड्याची पखाल. दुसरा वाकलेला, घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन बसलेला.

शिवकाळात पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार असे, आणि त्या पंचवीस जणांसाठी एक पखालजी आणि एक नालबंद. १८०३ पर्यंत ती व्यवस्था बदलली होती हे दादाला ठाऊक आहे. तरी त्याने दर पंचवीस स्वारांमागे हे दोघं केले आहेत. बाजारात मिळत नाहीत, म्हणून गावकऱ्यांच्या बाहुल्या कापून, हात वळवून, पुट्टीने पखाल करून. नियमांत त्यांना जागा नाही. त्यांना हलवायचं नसतं, त्यांच्यासाठी फासा टाकायचा नसतो.

मास्तर गेल्यावर दादाने दिवा जवळ ओढला. एका कुमाईत घोड्याचा पुढचा खूर पट्टीवरून सुटला होता. त्याने तो बाजूला काढला, खुराखालचा गोंद सुरीने खरवडला आणि घोडा नालबंदाशेजारी ठेवला.

"उद्या बघतो," तो म्हणाला, आणि बाकीचे डब्यात भरायला लागला.